पत्ता बरोबर, अर्थ अर्धवट: संविधानाच्या इंग्रजीसोबत सात महिने

संविधान, निवडणुका, राजकीय सुधारणा यांतल्या इंग्रजी शब्दांच्या पत्त्यांचा, म्हणजे फ्लॅशकार्डांचा, तयार संच असलेलं एक ॲप सात महिने रोज वीसेक मिनिटं वापरतेय. पत्त्याच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, उलटला की मराठी अर्थ. चुकलेला पत्ता लवकर परत येतो, जमलेला उशिरा. हे गणित चोख बसवलंय. रॅटिफाय, रिपील, कोरम, सफ्रेज वाचताना आता अडखळत नाही. तेवढ्यापुरते पैसे वसूल.

दुखणं पत्त्याच्या मागच्या बाजूला आहे.

ॲडजर्न, प्रोरोग, डिझॉल्व्ह. तिन्हींवर एकच अर्थ, 'सभागृह बंद करणे'. महिनाभर तिन्हींना हिरवी टिक मिळवत गेले आणि ब्रिटिश संसदेच्या 2019 मधल्या घडामोडींवरचा लेख वाचताना तोंडघशी पडले. संसद प्रोरोग झाली, सर्वोच्च न्यायालयाने 24 सप्टेंबरला ते बेकायदा ठरवलं, दुसऱ्याच दिवशी कामकाज पुन्हा सुरू! मी आपली निवडणूक कधी झाली ते शोधतेय. बैठक तहकूब होते, अधिवेशनाची सत्रसमाप्ती होते, सभागृह विसर्जित होतं आणि निवडणूक लागते ती फक्त विसर्जनानंतर. मराठीत तीन वेगळे शब्द आयते असताना संच करणाऱ्याने एकावर का भागवलं, कोण जाणे. शिवाय प्रोरोगचा परिणामही देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये अपुरी राहिलेली विधेयकं सहसा बाद होतात. भारतात संविधानाच्या कलम 107(3) मुळे ती टिकून राहतात.

'टेबल' तर निव्वळ फसवा. ब्रिटनमध्ये प्रस्ताव टेबल केला म्हणजे चर्चेला आणला, अमेरिकेत तेच केलं म्हणजे बाजूला ठेवला. पत्त्यावर फक्त पहिला अर्थ आहे. अमेरिकी सिनेटची बातमी मी पूर्ण उलटी समजून बसले होते आणि वर दोघांना समजावूनही सांगितली होती.

'फ्रँचाइज'ला 'व्यवसायाचा परवाना' लिहिलंय. 1832 च्या ब्रिटिश रिफॉर्म ॲक्टने फ्रँचाइज वाढवली असं वाचल्यावर डोळ्यांसमोर दुकानांची साखळी आली. तिथे अर्थ मताधिकार. 'रॉटन बरो'ला 'सडका भाग' म्हटलंय. खरं तर तो जवळजवळ ओस पडलेला मतदारसंघ. इंग्लंडमधल्या ओल्ड सॅरममध्ये वस्ती जवळजवळ उरलीच नव्हती, तरी तिथून दोन खासदार निवडून जायचे. एवढं एक वाक्य दिलं असतं तर शब्द जन्मात विसरला नसता.

उच्चारांचा आवाज स्वच्छ आहे. 'जेरीमँडर', म्हणजे आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा आखणे, मात्र ऐकून गंमत वाटते. ज्यांच्यावरून 1812 मध्ये हा शब्द निघाला, ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर स्वतःचं आडनाव 'गेरी' असं उच्चारत.

तिसऱ्या महिन्यापासून मी मराठी अर्थ झाकून पत्त्याखालच्या नोंदीच्या चौकटीत एकेक घटना लिहायला लागले: कुठे, कधी, कोणी कोणाविरुद्ध. तेव्हापासून वाचन खरंच सुधारलं. म्हणून पाचपैकी साडेतीन, त्यातला एक तारा या चौकटीचा. पण तीही तोकडी. 'अमेंडमेंट'खाली अमेरिकेची 27वी घटनादुरुस्ती लिहायला घेतली, काँग्रेस सदस्यांच्या पगाराची, 1789 मध्ये राज्यांकडे मंजुरीला पाठवलेली आणि 1992 मध्ये पूर्ण झालेली. 1992 लिहायच्या आतच जागा संपली.