मामाच्या ट्रंकेतला सैनिक

कुडाळात माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं. छपाईचे ठिपके भिंगाखाली बघण्यात माझा दिवस जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी फसलो तो छापलेल्या कागदालाच.

फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीचे जी. आय. जो नावाचे प्लॅस्टिकचे सैनिक चाळिशीतल्यांना आठवत असतील. कंपनी १९८७ साली सुरू झाली, कारखाना आमच्या शेजारी गोव्यात. तरी ते पावणेचार इंची सैनिक आमच्या घरी कधी आले नाहीत, आमच्या वाट्याला सावंतवाडीची लाकडी फळं. राहिलेली हौस आता भागवतोय.

गेल्या वर्षी एकाने सैनिकाचा फोटो पाठवला. कार्डावर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक फुगीर वेष्टनात, म्हणजे फुग्यात, सीलबंद. "माज्या मामाची वस्तू हा. मालवणात तीस वर्सा ट्रंकेत पडान होती." पाठोपाठ सैनिकाच्या कमरेमागे उठवलेल्या वर्षाच्या आकड्याचाही फोटो आला. कणकवलीच्या एसटी स्टँडवर मी चौदा हजार रुपये मोजले.

सीलबंद सैनिकाच्या कमरेमागचा फोटो याने काढला कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही. बायकोने घरी पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं.

तिसऱ्या दिवशी भिंग लावलं. छापखान्यातल्या ऑफसेट यंत्रावर छापलेल्या कार्डात चार रंगांचे ठिपके फुलासारखे गोल बसतात. यात ते वाळू फेकल्यासारखे पसरलेले, म्हणजे घरगुती इंकजेट प्रिंटर. फुग्याच्या कडेला फेविक्विक उडून बसते तशी पांढुरकी झाक होती. आणि तीस वर्षं मालवणच्या दमट हवेत राहिलेल्या पुठ्ठ्याला ना बाक, ना बुरशी, ना कसरीचं एक भोक! आमच्या गोदामातला कागद चार महिन्यांत पापडासारखा वळतो.

मग फुगा कापलाच. सैनिक मात्र खरा निघाला. या खेळण्यांच्या पोटात एक रबरी रिंग असते, धड आणि पाय तीच धरून ठेवते. जुनी रिंग सुकून तुटते, निदान ढिली तरी पडते. याची ताजी, ताठ. पाठीचा स्क्रू चकचकीत. आमच्याकडे दाराची कडी दोन पावसाळ्यांत तांबडी होते. उजवा अंगठा चिकटवलेला. बंदूक अडकवताना आधी अंगठाच मोडतो, म्हणून सुटा सैनिक घेताना तो वाकवून नव्हे, उजेडात धरून बघावा.

सालाचं तर मला कुणी आधी सांगायला हवं होतं. अंगावर उठवलेलं साल स्वामित्वहक्काचं असतं, तो नग बनल्याचं नव्हे. तोच साचा पुढे कितीही वर्षं चालतो, आकडा तसाच राहतो.

असा सुटा, दुरुस्त केलेला सैनिक मला एका गोव्याच्या मित्राने दीड हजारात दिला असता. वरचे साडेबारा हजार मी कार्डाचे दिले, आणि तसलं कार्ड माझ्या छापखान्यात शंभर रुपयांच्या आत निघतं. न उघडलेल्या नगाला सुट्याच्या कित्येक पट भाव मिळतो, म्हणून लबाडी तिथेच होते. आता मी फुग्याच्या चारही कडांचे जवळून काढलेले फोटो मागतो. टाळाटाळ झाली की विषय बंद.

त्या माणसाचा नंबर केव्हाच बंद झाला. परवा तोच फोटो दुसऱ्या नंबरवरून आला. किंमत दोन हजारांनी वाढली होती, आणि मामा आता वेंगुर्ल्याचे झाले होते.