मेणखडूंसाठी घेतलेला चॉकलेटचा साचा

दिवाळीच्या आवराआवरीत नातीच्या तुटक्या मेणखडूंची अख्खी बरणी निघाली. भाऊबीजेला धाकट्या भावाला दुकानातलं काही द्यायचं नाही, स्वतः केलेलंच द्यायचं, असा तिचा हट्ट. म्हणून रविवार पेठेत बोहरी आळीतून चॉकलेटचा सिलिकॉनचा साचा आणला. 120 रुपये, 15 खाचे.

साचा जरूर घ्या, पण आकार बघून. आमच्यातली फुलं आणि बदाम अख्खे निघाले. चांदण्यांचे कोपरे मात्र फार बारीक. पाचातल्या तीन काढतानाच मोडल्या. लहान मूल खडू मुठीत धरतं, त्याला जाड, गोलसर आकारच बरा. मोडलेल्या चांदण्या परत वितळवल्या, काही वाया गेलं नाही.

खडू कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवले की त्यांचा कागद उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटतो. हे काम नातीने एकटीने केलं, मन लावून. तुकडे कोरडे करून खाचांत भरले आणि ओटीजीत 120 अंशांवर साधारण पंधरा मिनिटं ठेवले. ती काचेतून बघत होती. "आजी, निळा हिरव्यात शिरला!" ढवळू नका, सगळा मातकट रंग होतो. साचा लवचिक असल्याने आधीच स्टीलच्या ताटलीत ठेवा. पहिल्या खेपेला मी तसाच उचलला आणि मेण ओटीजीत सांडलं. गरम ताटली मोठ्यांनीच काढायची, यात सूट नाही.

खडू मेणाचेच हवेत. प्लॅस्टिकचे असे वितळत नाहीत, तेलखडू मऊच राहतात. एका स्वस्त डबीतल्या खडूंचा रंग तळाशी बसला आणि वर नुसतं पांढुरकं मेण आलं. त्या बाजूने काही उमटत नाही. साच्यातला तळ म्हणजे फुलाचा चेहरा, त्यामुळे दिसायला झकास, पण नातीला ते पटलं नाही. तिने ती फुलं बाजूला ठेवली.

जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं होतीच. सोनेरी काठ कापून तिने त्यावर भावाचं नाव लिहिलं. तो चार वर्षांचा आहे. पाकीट उघडून त्याने लगेच फरशीवर रेघ ओढली. रेघ पिवळी निघाली, मधेच लाल झाली. त्याने थांबून खडू उलटा करून बघितला आणि पुन्हा ओढली.

या साच्यात आता खायचं काही करायचं नाही. मी त्याच्या पाठीवर मार्करने "खडू" असं मोठ्ठं लिहून ठेवलंय.