स्टेलारिस की ऑरोरा? माझं मत मालवाहतुकीवर ठरलं

मागच्या महिन्यात मामाच्या पोरानं फोन केला, "दादा, स्पेस स्ट्रॅटेजी गेम चालू करूलालोय, स्टेलारिस घेऊ की तुझं ते ऑरोरा उतरवून घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच जरा नीट लिहितो, कारण उद्यमबागेत, बेळगावातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, माझ्या शिफ्टमधली दोघंतिघं पण हेच विचारत होती. असल्या गेमना फोर-एक्स म्हणतात, शोधत, पसरत, माल काढत, लढत साम्राज्य वाढवायचं, एवढं धरून चालतो, ग्राफिक्स कार्ड किती लागतं वगैरे पण तुम्ही बघून घ्याल.

स्टेलारिस मी 2018 पासून खेळतोय. ऑरोराचं सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्यानं लिहिलेलं व्हर्जन एप्रिल 2020 ला आलं तेव्हा लॉकडाऊन होता, वर्कशॉप बंद, मी चिकोडीकडं गावी, ऊस आणि लॅपटॉप एवढंच हातात, त्यामुळं ते शिकायला जो निवांत वेळ लागतो तो मिळाला. तसा वेळ एरवी मिळाला असता का, माहीत नाही, म्हणून माझं मत थोडं तिकडं झुकलेलं आहे हे आधीच सांगतो.

स्टेलारिसमध्ये मला सगळ्यात आवडतं ते तिथल्या माणसांचं काम. माणसं म्हणजे सहा पायांची असोत नाहीतर बुरशीची असोत. 2200 साली एका ग्रहावरून सुरू करायचं, हायपरलेननं, म्हणजे ताऱ्याताऱ्यांमधल्या ठरलेल्या वाटांनी, एकेक तारा जोडत जायचं, नकाशावर आपला रंग पसरत जातो. आणि दुसऱ्याचा ग्रह जिंकला की त्याच्यावरचे लोक तसेच राहतात, त्यांची मतं, त्यांचे गट, नव्या राजवटीवरची नाराजी, सगळं घेऊनच ते तुमच्यात येतात. बेळगावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही. 1956 ला रेघ इकडची तिकडं झाली, आमच्या घरात आजही मराठी, सातबाऱ्याच्या जागी कन्नड उतारा, आणि बाजारात दोन्ही भाषा एकाच वाक्यात. रेघ ओढून झाल्यावर आत काय काय चालतं हे दाखवणारे स्पेस गेम मी तरी फार बघितले नाहीत, स्टेलारिस दाखवतं, आणि मनापासून दाखवतं. शिवाय पुण्यातल्या भावाबरोबर रविवारी रात्री एकत्र खेळता येतं, ऑरोरात ते नाहीच, ते एकट्यानं खेळायचं.

मग अडलं कुठं? तर मालावर.

स्टेलारिसमध्ये गॅलेक्सीच्या पार एका टोकाला खाण लावली, महिना बदलला की ती खनिजं स्क्रीनच्या वरच्या पट्टीत जमा. त्याच घडीला दुसऱ्या टोकाला ती खर्च पण करता येतात. मधे ट्रक नाही, वाट नाही, दिवस नाहीत. पहिली दोन वर्षं मला हे खटकलं नव्हतं, पण एकदा जानेवारीत आमचा ऊस तोडून पडला होता, टोळी दुसऱ्याच्या फडात गेली, ट्रॉली मिळेना, मिळाली तर कारखान्याच्या काट्यावर रांग, आणि तोडलेला ऊस रोज वाळत चाललाय, वजन घटत चाललंय. तीन दिवस आम्ही घरात त्याच्याशिवाय दुसरं बोललो नाही. ऊस शेतात होता की, पण कारखान्यात नव्हता, म्हणजे नव्हताच. त्या आठवड्यात रात्री स्टेलारिस उघडलं, वरच्या पट्टीत खनिजं आपोआप वाढताना बघितली आणि मन लागेना. 2025 च्या 4.0 व्हर्जनमध्ये ज्या ग्रहावर तुटवडा आहे तिथं ट्रेडचा खर्च बसायला लागला, ते चांगलं केलंय, पण तो आकड्यातून वजा होणारा आकडाच आहे, वाटेत अडकलेली ट्रॉली नाही.

ऑरोरात सगळा गेमच त्या ट्रॉलीचा आहे. स्टीव्ह वॉल्म्सली या एका माणसानं कितीतरी वर्षं एकट्यानं रचत आणलेला, आणि फुकट वाटलेला. अकरा खनिजं आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं, ड्युरेनियम जवळपास सगळ्यात लागतं, इंजिनाला गॅलिसाईट, इंधन काढायला सोरियम. एक खाण वर्षाला तिथल्या प्रत्येक खनिजाचे 10 टन काढते, तेही सुलभता, म्हणजे ते किती सहज निघतं तो आकडा, पूर्ण 1 असेल तर, 0.1 असली की 1 टन. म्हणजे साठा लाखाचा असून उपयोग नाही, जमीन देते किती ते बघायचं. आणि काढलेला माल जिथं काढला तिथंच पडून राहतो, तो न्यायचा तुम्ही. मालवाहू जहाज बांधा, त्याला इंधन द्या, वाटेत संपलं तर टँकर पाठवा. इंजिन जास्त ताणून ताकद दुप्पट केली तर ताकदीच्या प्रत्येक युनिटमागं इंधन साडेपाच पटीपेक्षा जास्त जातं, त्यामुळं घाई करायची की डिझेल वाचवायचं हा हिशोब जहाज कागदावर असतानाच करायला लागतो. शॉपमध्ये शंभर पार्ट तयार आणि एका बेअरिंगपायी असेंब्ली थांबली, हे ज्यांनी बघितलंय त्यांना हा गेम पहिल्या आठवड्यात ओळखीचा वाटेल.

एक प्रसंग सांगतो. लघुग्रहांवरच्या खाणी मास ड्रायव्हरनं, म्हणजे खनिजं अवकाशातून फेकायच्या आणि झेलायच्या यंत्रानं, माल मंगळावर फेकत होत्या, मंगळावरचा मास ड्रायव्हर तो झेलायचा. मला तो ड्रायव्हर दुसरीकडं हवा होता म्हणून उचलला. वाटेत महिनाभर आधी फेकलेली पॅकेट्स होती. झेलायला खाली काही नाही म्हटल्यावर ती थेट वस्तीवर पडली, लोक मेले, कारखाने गेले. मी अंगणात जाऊन बराच वेळ बसलो. वाईट वाटलंच, पण त्या दिवशी कळलं की ह्या गेममध्ये दगडाला वजन आहे, तो कुठून तरी निघतो आणि कुठंतरी पोचतोच. त्याच्यानंतर माझं परत फिरणं झालं नाही.

ऑरोराची अडचण पण खरी आहे. काळा पडदा, ठिपके, नावं आणि खिडक्याच खिडक्या, आकड्यांनी भरलेल्या. आवाज नाही. मी सुरू केलं तेव्हा स्क्रीन कमीत कमी 1440 बाय 900 लागायची, माझा लॅपटॉप 1366 बाय 768 चा, खालची बटणं दिसतच नव्हती, शेवटी जुना मॉनिटर आणून जोडला. पहिलं जहाज सूर्यमालेबाहेर जायला मला पंधरा दिवस लागले, तुम्हाला कमी लागतील कदाचित. संध्याकाळी शिफ्टवरून येऊन दीड तास काहीतरी सुंदर बघावं, गोष्ट घडावी, असं वाटत असेल तर स्टेलारिसच घ्या, त्यात कमीपणा काही नाही, मी पण अजून भावाबरोबर खेळतो. फक्त एक्स्पान्शन, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायचे जादा भाग, एकदम सगळी घेऊ नका, मूळ गेमवर एक डाव शेवटापर्यंत न्या, मग बघा.

पण माल कसा पोचणार हा प्रश्न ज्यांच्या डोक्यात घरी दारी कायम असतो, त्यांनी ऑरोराला एक महिना द्यावा असं मला वाटतं. मामाच्या पोराला मी दोन्ही सांगितलं. त्यानं स्टेलारिस घेतलं, आणि परवा रात्री अकराला फोन, दादा, ही खनिजं एवढ्या लांबून येतात कशी? मी त्याला ऑरोरा कुठून उतरवायचं ते सांगितलं. माझ्याकडं सध्या गॅलिसाईट दोन वर्षांचं उरलंय, एका धूमकेतूवर भरपूर आहे आणि निघतंय पण सहज, पण तो सूर्यापासून लांब चाललाय, तेव्हा खाणी आत्ताच पाठवाव्यात की परत येईपर्यंत थांबावं ह्याच्यावर रविवारी बसणार आहे.