साजवरची मनूशे की फुर्नातली?

बैरूतमध्ये रोजचा नाश्ता रस्त्यावरच करायचा असेल, तर झातरची मनूशे, म्हणजे सुगंधी वाळक्या पाल्याचे आणि तिळाचे मिश्रण लावून भाजलेली लेबनीज रोटी, घ्यायची हे जवळजवळ ठरलेलेच असते. प्रश्न उरतो तो साजवर भाजलेली घ्यावी की फुर्नातली, म्हणजे बेकरीच्या भट्टीतली, एवढाच. 2023 साली युनेस्कोने मनूशेच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, परंतु सकाळी भुकेल्या पोटी कामावर निघालेल्याला त्या मानाचा निवडीसाठी काही उपयोग होत नाही.

साज म्हणजे उपडा, घुमटाकार लोखंडी तवा. पुरणाच्या मांड्यांचे खानदेशी खापर पाहिलेल्याला त्याची कल्पना लगेच येईल. त्यावरची मनूशे पातळ, कडेला कुरकुरीत आणि पोटाला हलकी असते, शिवाय ती आपल्या डोळ्यांसमोर होते. हे गुण मी मनापासून मान्य करतो. मात्र तिला आच खालूनच मिळत असल्यामुळे वर घातलेले अक्कावी नावाचे पांढरे चीज वितळते खरे, पण फुर्नात त्यावर जे तांबूस डाग पडतात आणि जी खरपूस चव उतरते, ती साजवर सहसा येत नाही.

माझ्यापुरता निर्णय मात्र चवीने नव्हे, तेलाने केला. फुर्नवाला कणीक थापताना बोटांच्या टोकांनी तिच्यावर खळगे पाडतो. ऑलिव्ह तेलात कालवलेले झातर त्या खळग्यांत बसते आणि जाडसर रोटी भाजताना त्यातले बरेचसे तेल पिऊन घेते. साजवरच्या पोळीला खळगे धरण्याइतकी जाडीच नसते. तिची गुंडाळी करून कागदात उभी धरली, की सुटे तेल खालच्या टोकाशी जमते, कागद भिजतो आणि चालता चालता हिरवट ओघळ मनगटावरून थेट बाहीत उतरतो. आत टोमॅटो-काकडी घातली असेल, तर त्यांचे पाणीही त्यात मिसळते. मी दुहेरी कागद मागून पाहिला, गुंडाळी आडवी धरून पाहिली. हम्रा भागातून पायी कामावर जाताना सदऱ्याची बाही तरीही वाचेना. कदाचित दोष माझ्या हातांचाही असेल, पण फुर्नातल्या मनूशेने असा त्रास क्वचितच दिला.

बाकीचे मुद्दे दुय्यम आहेत. साजवर एका वेळी एखाद-दुसरीच होत असल्याने सकाळी ताटकळावे लागते आणि निवल्यावर ती चामट होते. फुर्नातली कार्यालयात पोहोचेपर्यंत बऱ्यापैकी मऊ राहते. दरावरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही, कारण 2019 पासून लेबनीज पौंड घसरत गेला तसे दोन्हींचे दर चढत गेले.

अपवाद एकच, किश्कचा. दही आणि दलिया आंबवून वाळवलेल्या त्या आंबट पुडीचा लेप कांदा-टोमॅटो घालून पातळ पोळीवरच अधिक खुलतो, असे मला वाटते. डोंगराकडच्या रस्त्याला निवांत बसायला जागा मिळाली, तर ती साजवरचीच मागवावी.