घरी बनवलेला सायकल कॅमेरा माउंट: रिव्ह्यू

राइडचे व्हिडिओ काढायला महागडा माउंट, म्हणजे हँडलवर कॅमेरा बसवायची पकड, लागतोच असं काही नाही, जुन्या लाइटचा किंवा रिफ्लेक्टरचा क्लॅम्प, एक बोल्ट, दोन-तीन वॉशर आणि ट्यूबचा तुकडा एवढ्यावर मस्त काम होतं. बोल्ट मात्र बघून घ्या हां! कॅमेऱ्याच्या खालच्या भोकाला १/४ इंची, इंचाला २० आटेवालाच लागतो, ६ एमएमचा दिसायला सेमच असतो पण तो बसवायला गेलात तर कॅमेऱ्याचे आटे खराब होणार. आणि लांब बोल्ट आत तळाला टेकवू नका, वॉशर टाकून लांबी कमी करा.

क्लॅम्पखाली ट्यूबचा पातळ तुकडा लावला की तो हँडलवर फिरत नाही. काही जण धक्के कमी होतील म्हणून जाड फोम टाकतात, मला ते अजिबात पटत नाही, कॅमेरा उलट जास्तच डुलतो आणि बहुतेक कॅमेरे व्हिडिओतलं प्रत्येक चित्र ओळीओळीने टिपतात म्हणून हँडल थरथरलं की अख्खा व्हिडिओ जेलीसारखा हलतो. कॅमेरा क्लॅम्पच्या जितका जवळ तितकं बरं, उंच दांडी नकोच.

गुळगुळीत रस्त्यावर एकदम भारी, पैसे वाचतात ते वेगळंच. खडबडीत वाटेवर मात्र नाही चालत, तिथे छातीवरचा पट्टाच बेस्ट कारण बरेच धक्के अंगच खातं. आणि कॅमेऱ्याला एक छोटी सेफ्टी दोरी बांधाच, फक्त ती चाकाच्या तारांपर्यंत पोचणार नाही एवढी आखूड ठेवा.