हायस्कूल फुटबॉलचं प्लेबुक: अख्खा सीझन वापरल्यावर

न्यू जर्सीत राहतो, मुलगा हायस्कूलच्या टीममधे गार्ड खेळतो, म्हणजे पुढच्या फळीत समोरच्याला अडवणारा (अमेरिकन फुटबॉल, कोल्हापूरवाला नाही). मी नोकरीत ड्रॉइंगचं काम करतो म्हणून गेल्या जूनमधे हेड कोचनी विचारलं, ऑफेन्सचं (बॉल आपल्याकडे असतानाचं) प्लेबुक, म्हणजे ठरलेल्या चालींची (प्लेंची) वही, काढून द्याल का, आणि तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत माझे सगळे रविवार त्यातच गेले. ज्यांची पोरं इकडे खेळतात त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

पहिल्या फाइलमधे 84 प्ले होते. एका प्लेला एक पान, अकरा खेळाडूंची अकरा वर्तुळं, बाण, रंग, दिसायला एकदम झकास. पण मी सगळी चित्रं समोर चार जणांची डिफेन्सिव्ह लाइन (त्यांची पुढची फळी) धरून काढली होती आणि पहिल्याच मॅचला समोरच्यांनी तिघंच उभे केले, त्यातला एक बरोबर आमच्या सेंटरच्या (बॉल मागे देणाऱ्या मधल्या खेळाडूच्या) समोर. आमच्या गार्डला पानावर जो माणूस दाखवलेला तो तिथे नव्हताच, पोरगं बिचारं इकडे बघतंय तिकडे बघतंय तोवर क्वार्टरबॅक (बॉल हातात घेऊन चाल चालवणारा) आडवा.

मग कोचनी चित्राखाली नियम लिहायला लावले. आतल्या गॅपमधे (तू आणि आतल्या बाजूचा शेजारी यांच्यातल्या फटीत) कोणी आहे? तो तुझा. नसेल तर तुझ्या समोरचा. तोही नसेल तर लाइनबॅकर (त्यांच्या फळीमागे उभा असणारा). बस. समोर तिघं येऊदेत नाहीतर पाच, पंधरा वर्षांच्या पोराला हे तीन प्रश्न स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी स्वतःला विचारता येतात. माझ्या मते सगळ्या प्लेबुकमधे सगळ्यात कामाच्या ह्याच तीन ओळी आहेत, बाकी सजावट.

दुसऱ्या मॅचनंतर 84 चे 14 केले. विंग-टी घेतली, शेजारच्या डेलावेअर युनिव्हर्सिटीत डेव्ह नेल्सन यांनी रुजवलेली पद्धत. हिच्यातली मजा अशी की बक स्वीप (बाहेरून धाव), ट्रॅप (मधून धाव) आणि वॅगल (धाव दाखवून पास) तिन्हींची सुरुवात सारखीच दिसते, फुलबॅक (क्वार्टरबॅकच्या मागचा धावणारा) आत घुसतो, गार्ड पुल करतात (जागा सोडून बाजूला धावतात), आणि बॉल नेमका कोणाकडे आहे हे समोरच्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पानंही आता तशीच लावलीत, तीन भाऊ एका पानावर. विन्स लोम्बार्डी 1939 ते 1947 इथल्याच एंगलवूडच्या सेंट सिसिलिया हायस्कूलमधे शिकवत आणि कोचिंग करत होते, पुढे ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक टीमचा त्यांचा ऑफेन्सही एका स्वीपवरच उभा होता, हे पोरांना सांगितलं तेव्हा 14 प्ले कमी वाटायचे बंद झाले.

अजून एक गोष्ट मला सप्टेंबर संपेपर्यंत कळली नव्हती. मी बॉल कायम मैदानाच्या मधे काढायचो, टीव्हीवर तसाच बघितलेला ना. एनएफएलमधे (व्यावसायिक लीगमधे) दोन हॅशमधलं (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, प्रत्येक प्ले त्यांच्या दरम्यान सुरू होतो) अंतर फक्त 18 फूट 6 इंच, पण हायस्कूलला हॅश मैदानाचे तीन सारखे भाग करतात, एकेक 53 फूट 4 इंचांचा, म्हणजे बॉल हॅशवर आला की एका अंगाला दुप्पट जागा. त्या रुंद बाजूला आउट रूट (सरळ पळून बाहेर वळणाऱ्याला पास) टाकायचा तर बॉल हवेत इतका वेळ राहतो की कॉर्नरबॅक (समोरच्यांचा, पास अडवणारा) आरामात मधे येतो, आमचे दोन पास असेच त्यांनी मधेच पकडले (इंटरसेप्शन). आता प्रत्येक पास डाव्या हॅशवरून आणि उजव्या हॅशवरून वेगळा काढलाय.

रिस्टबँडबद्दल (प्लेंची यादी लावलेला मनगटी पट्टा): घ्याच. कोच बाहेरून नंबर ओरडतो, क्वार्टरबॅक मनगटावर बघतो, हडलमधे (प्लेआधी जमलेल्या घोळक्यात) सांगतो, आणि हे सगळं 40 सेकंदांच्या प्लेक्लॉकमधे (पुढचा प्ले सुरू करायच्या मुदतीत). पण फॉन्ट मोठा ठेवा, मी सातचा ठेवलेला, फ्लडलाइटखाली वाचता येईना आणि डिले ऑफ गेमचे (उशीर केल्याच्या दंडाचे) पाच यार्ड तीनदा गेले. लॅमिनेट करा, पावसात शाई पसरते. आणि लाल-हिरव्या रंगावर काही अवलंबून ठेवू नका, आमच्या एका रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) ते दोन रंग सारखेच दिसतात हे ऑक्टोबरमधे समजलं, फार वाईट वाटलं, सहा आठवडे तो शेजारच्याला विचारून पळत होता.

यंदा जूनमधे पोरांना छापील पान द्यायच्या आधी कोरं पान देणार आहोत. प्रत्येकाने बक स्वीप स्वतः काढायचा, फक्त आपला नाही तर अकराच्या अकरा जणांचा. मुलाने घरी करून बघितला, नऊ बरोबर आले.