नागिणीनंतरची खाज: कॅप्सेसिन की लिडोकेन?

सोलापुरातील यंत्रमागावर काम करणाऱ्या एका परिचितांची नागीण बरी झाली, पण पाठीवरची खाज गेली नाही. ही खाज त्वचेतून नव्हे, तर दुखावलेल्या मज्जातंतूंतून उठत असल्याने ॲलर्जीच्या गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले.

मिरचीतील तिखट द्रव्यापासून बनलेले कॅप्सेसिन मलम मज्जातंतूंच्या टोकांना आधी चेतवते आणि मग हळूहळू थकवते, त्यामुळे ते दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नेमाने लावावे लागते. सुरुवातीचे दिवस आग होते; घाम आणि उष्णतेने ती वाढते, म्हणून चाळिशीपार जाणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात हा उपचार सुरू करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. लावल्यावर हात साबणाने धुवावेत, नाहीतर डोळे चोळताच पश्चात्ताप होतो.

लिडोकेन संवेदनेचा मार्गच तात्पुरता अडवते, त्यामुळे आराम लवकर मिळतो, पण काही तासांत ओसरतो. ५ टक्क्यांची पट्टी बारा तास लावून बारा तास काढून ठेवायची असते आणि रोजच्या वापरात ती मलमापेक्षा महाग पडते. हृदयाच्या ठोक्यांसाठी औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. फुटलेल्या त्वचेवर दोन्ही वर्ज्य.

रात्रीची झोप मोडत असेल, तर लिडोकेन बरे. जागा लहान, हात पोहोचणारी आणि चिकाटी असेल, तर हिवाळ्यात कॅप्सेसिन.